पाठीवरचं लेकरू, टोगोचं कापड आणि बाळाचे खुबे

पाठीशी बांधलेलं मूल म्हटलं की आपल्याला झाशीची राणीच आठवते. चौकातल्या पुतळ्यांत दामोदरराव अगदी तान्हा असतो. पण १८५३ साली दत्तक घेतलं तेव्हाच तो पाच वर्षांचा होता, म्हणजे १८५८ मध्ये नऊ-दहाचा. असो.

आज दुकानात मिळणाऱ्या बेबी कॅरिअरचा इतिहास मात्र झाशीचा नाही, बराचसा टोगोचा आहे. १९६०च्या दशकात अ‍ॅन मूर ही अमेरिकन नर्स पीस कॉर्प्सतर्फे तिथे गेली. तिथल्या बाया लेकराला कापडाने पाठीशी बांधून सगळी कामं करायच्या आणि लेकरं शांत असायची. परतल्यावर तिला मुलगी झाली. तिने तसंच बांधून पाहिलं, तर बाळ घसरायचं. मग आईकडून पट्टे शिवून घेतले. १९६९ मध्ये पेटंट मिळालं, नाव 'स्नगली'. पेटंटवर टोगोच्या बायांचं नाव अर्थातच नव्हतं.

दुसरा धडा जपानचा. तिथे तान्ह्या बाळाचे पाय सरळ ठेवून घट्ट गुंडाळायची रीत होती आणि खुबा निखळलेली मुलंही पुष्कळ. १९७५च्या सुमारास डॉक्टरांनी मोहीम काढून ही रीत सोडायला लावली, प्रमाण झपाट्याने खाली आलं. तान्हेपणी खुब्याची वाटी बरीचशी कूर्चेची, मऊ असते. पाय ताणून ठेवले की मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यातून सरकू शकतो.

आता आपल्याकडे बघा. दुपट्ट्यात पाय सरळ करून आवळतात, आणि कडेवर घेतलं तर म्हणतात, "पाय फेंगडे होतील गं!" उलटं आहे हो सगळं. कडेवर मांड्या फाकतात, गुडघे वाकतात, खुब्याला हेच हवं असतं.

म्हणून कॅरिअर घेताना मी रंग, खिसे काही बघू नका म्हणतो, बसायची पट्टी बघा. ती एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत पुरली पाहिजे आणि गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर हवेत. अरुंद पट्टीवर पाय नुसते लोंबकळतात. मान धरली नसेल तर डोक्याला आधार हवा, हनुवटी छातीला टेकता कामा नये, नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे. आणि तिसऱ्या महिन्यात पुरलेली पट्टी आठव्यात पुरत नाही, तेव्हा रुंदी वाढवता येणारंच घ्या. दुकानदाराला सांगून बाळाला तिथेच बसवून बघा, लाजू नका.