खारून ते कटक : एका विस्मृत जलमार्गाची कहाणी

गुढियारीच्या बाजारपेठेत उभे राहिले म्हणजे आगगाडीचा खडखडाट कानी येतो. नदीचे मात्र स्मरणही होत नाही. आपल्या घराण्यांचा छत्तीसगडशी संबंध कसा आला असे विचारले, तर वडीलधारी मंडळी बहुधा रेल्वेपासूनच प्रारंभ करतात. परंतु लोहमार्गापूर्वी या मुलखाची समुद्राकडे जाणारी एक वाट पाण्यातून होती. सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी तिची आठवण करणे अनुचित होणार नाही.

महादेवघाटावरून वाहणारी आपली खारून समुद्राची दिशा सोडून उत्तरेस जाते आणि सोमनाथजवळ शिवनाथेस मिळते. शिवनाथ पुढे शिवरीनारायणच्या परिसरात महानदीत विलीन होते. महानदीही सिहाव्याच्या डोंगरातून निघून प्रथम उत्तरेकडेच वाहते. राजीमला पैरी व सोंढूर यांचे पाणी घेऊन ती पुढे पूर्वेस वळते, संबळपुरास दक्षिणेचा रोख धरते आणि कटकवरून बंगालच्या उपसागरास मिळते. हा प्रवास सुमारे 850 किलोमीटरांचा आहे.

मैदान सपाट, म्हणून प्रवाह संथ. पण संथ नदी नावेला सोयीची असतेच असे नाही. पावसाळ्यात पात्र भरले म्हणजे समुद्राकडील नाव रायपूर जिल्ह्यातील आरंगपर्यंत चढू शके. पाणी ओसरले की वाळूचे पट्टे आणि खडक डोके वर काढीत. तरीही संबळपूर-कटक व्यापाराचा मोठा भार या नदीने वाहिला. किनाऱ्यावरचे मीठ सातकोसियाच्या अरुंद दरीतून, प्रवाहाच्या उलट, वर येई.

या जलमार्गाच्या दोन्ही टोकांवर एके काळी नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. 1741 मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगड भोसल्यांच्या सत्तेखाली आले. 1751 च्या तहाने ओरिसा त्यांच्याकडे आला. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. 1803 च्या देवगावच्या तहाने कटक हातचे गेले. स्वाऱ्यांचा हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो; उन्हातान्हात नाव ओढणाऱ्या नावाड्याचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही.

त्या नावाड्याचा धंदा तलवारीने नव्हे, रुळांनी बुडविला. 1891 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेचा नागपूर-आसनसोल मार्ग खुला झाला. आगगाडीला पावसाची वाट पाहावी लागत नसे. पुढे 1957 मध्ये हिराकूड धरणाचे उद्घाटन झाले आणि जुनी सलग वाट कायमची अडली. 2016 च्या कायद्याने महानदीला राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळाला, तोही संबळपूरपासून पारादीपपर्यंतच; छत्तीसगड त्यात नाही.

मग खारून आपल्याला परकी झाली काय? मुळीच नाही. गंगरेल धरणातील महानदीचे पाणी कालव्याने खारूनेत सोडले जाते आणि तेथून रायपूरच्या नळांना येते. ज्या दोन प्रवाहांची भेट निसर्गाने दूर शिवरीनारायणाकडे योजिली, ती आज आपल्या शहराच्या वेशीवरच होते. नाव गेली, पण नदीचे ऋण उरले आहे. मुलांना पूर्वजांच्या स्वाऱ्या सांगताना एकदा महादेवघाटावर न्यावे आणि हे पाणी कोठून येते व कोठे जाते, तेही सांगावे. ज्या भूमीने आपल्याला आश्रय दिला, तिची ओळख तिच्या नदीपासूनच सुरू होते.