शिकागोच्या जत्रेची आठवण

जत्रेहून घरी आलं की पिशवीतून काय काय निघतं! बांगड्या, पोरांची पिपाणी, पाळण्याचं चुरगळलेलं तिकीट. तिकीट दुसऱ्या दिवशी केरात जातं. पण अमेरिकेत १८९३ साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याची तिकिटं लोक आजही पैसे मोजून जमवतात. कोलंबस अमेरिकेला पोचल्याला चारशे वर्षं झाली, म्हणून भरलेली ती सहा महिन्यांची जत्रा. स्वामी विवेकानंद मुंबईहून जहाजानं निघाले, ते याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या सर्वधर्म परिषदेसाठी.

प्रवेश पन्नास सेंटचा. कोणी खोटी तिकिटं काढू नयेत म्हणून ती नोटा छापणाऱ्या कंपनीकडून करून घेतली, अगदी नोटेसारखी बारीक कोरीव नक्षी. वर चित्रं कोणाची? तिथल्या मूळ रहिवाशांचा एक सरदार, कोलंबस, वॉशिंग्टन, लिंकन. मागाहून फ्रँकलिन आणि संगीतकार हँडेल. सहाच्या सहा पुरुष!

बाई दिसते ती नाण्यावर, आणि तेही बायकांनी मागून घेतलं म्हणून. प्रदर्शनासाठी स्त्रियांचं एक वेगळं व्यवस्थापक मंडळ होतं, बर्था पामर त्याच्या अध्यक्षा. त्यांनी म्हटलं, आमच्या अनुदानातले दहा हजार डॉलर आमच्या स्वतःच्या नाण्यांत द्या. पाव डॉलरची चाळीस हजार नाणी ठरली. त्यावर कोलंबसला मदत करणारी स्पेनची राणी इसाबेला. चित्र काढायला पामरबाईंनी कॅरोलाइन पेडल ही शिल्पकार निवडली. टांकसाळीनं कळवलं, मागची बाजू आमचा माणूस करील. पेडल काम सोडून गेली. मग दोन्ही बाजू टांकसाळीच्या चार्ल्स बार्बरनं केल्या, आणि मागच्या बाजूवर आली गुडघे टेकून सूत कातणारी बाई. कडेला अक्षरं, स्त्रियांच्या व्यवस्थापक मंडळाचं नाव. ज्या प्रदर्शनात बायकांनी केलेले शोध, चित्रं, पुस्तकं मांडली होती, तिथली आठवण ही!

किंमत ठेवली एक डॉलर. तेवढ्यातच कोलंबसचं अर्ध्या डॉलरचं नाणं मिळत होतं. बाजारात आपण काय करू? मोठंच उचलू. लोकांनीही तेच केलं. न खपलेली सुमारे १५,८०० नाणी परत गेली आणि वितळवली गेली. उरली ती चोवीस हजारांच्या आसपास, म्हणूनच आज संग्राहक त्यांच्यामागे असतात.

महिला भवन मात्र उरलं नाही. विशीतल्या सोफिया हेडननं त्याचा आराखडा केला होता. बक्षीस एक हजार डॉलर. मोठ्या इमारती करणाऱ्या पुरुषांना याच्या कितीतरी पट मिळाले. प्रदर्शन संपल्यावर भवन पाडलं. आत मेरी कसॅट हिनं काढलेलं भलंमोठं भित्तिचित्र होतं, तेही कुठं गेलं, आजवर सापडलेलं नाही.

जाता जाता एक सांगते. असं जुनं चांदीचं नाणं कधी हाती आलं, तर ते घासू नका हं. काळी पडलेली चांदी दिसली की आपला हात लगेच रांगोळीकडे जातो. पण नाणं चकचकीत केलं की संग्राहक त्याचा भाव निम्म्यावर आणतात. मऊ कापडात गुंडाळून ठेवा, तिकीट असेल तर घडी न घालता वहीत.