बॉम जेझसचा उतरविलेला गिलावा

जुन्या गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेचे तांबूस, खडबडीत रूप आता आपल्या डोळ्यांच्या इतके सवयीचे झाले आहे की, ते मूळचेच असावे असे बहुतेकांना वाटते. पोस्टाच्या तिकिटासारखे ते मनावर छापले गेले आहे. शेजारचे से कॅथेड्रल पांढरेशुभ्र आणि बॉम जेझस मात्र उघड्या जांभ्याचे. या भेदामागे काही धार्मिक किंवा कलात्मक हेतू असावा अशी समजूत करून घेऊन आपण पुढे जातो. वस्तुस्थिती अशी आहे की, हे रूप जेमतेम सत्तर वर्षांचे आहे. त्यापूर्वीची साडेतीन शतके हे मंदिरही चुन्याच्या गिलाव्याने झाकलेले होते.

या मंदिराच्या बांधकामास येशूसंघीयांनी १५९४ मध्ये आरंभ केला आणि १६०५ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचा अभिषेक झाला. भिंतींसाठी जवळच मिळणारा जांभा वापरला गेला. परंतु दर्शनी भागावरील स्तंभ, पट्टे, चौकटी आणि शिखराजवळील येशूनामाची अक्षरे यांसाठी जांभा उपयोगाचा नव्हता, कारण त्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही. त्याकरिता काळा बसाल्ट आणला गेला, आणि तो आणला गेला आपल्या वसईहून. वसईचा दगड गलबतांतून मांडवीच्या धक्क्याला लागत असे, ही गोष्ट आपल्याकडील फार थोड्यांना ठाऊक असेल. आपल्या भूमीचा तो अंश आजही त्या दर्शनी भागावर आहे.

जांभ्याविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण साऱ्या वादाचे मूळ त्याच्या स्वभावात आहे. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की तो हत्याराने तासून विटेसारखा चौकोनी करता येतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारातील या दगडाला इंग्रजीत नाव दिले, तेही विटेच्या लॅटिन शब्दावरूनच. हवा लागली की त्यातील लोह घट्ट होते आणि दगड टणक बनतो. ‘जांभा उघडाच बरा’ असे म्हणणारे एवढ्याच गुणाचा दाखला देतात. पण हे अर्धेच सत्य आहे. जांभ्याच्या अंगात असंख्य पोकळ्या असतात आणि त्यांत मऊ माती भरलेली असते. सरळ पावसाचा मारा झाला की ती माती धुपून जाते, पोकळ्या मोठ्या होतात, त्यांत शेवाळ व रोपे रुजतात आणि पाणी भिंतीच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. ज्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे याचा अर्थ काय होतो हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीला झावळ्यांचे झाप बांधणारे आपले वाडवडील हे जाणूनच होते.

जुन्या गवंड्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. आत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. पाऊस झिजवतो तो गिलाव्याला, दगडाला नव्हे. गिलावा झिजला की पुन्हा चढवावा, वरून सफेती करावी, असा तो दरसालचा व्यवहार होता. त्याऐवजी सिमेंट थापले तर ओल आतच कोंडते आणि दगड आतून कुजतो. दुर्दैवाने आपल्याकडील कित्येक जुन्या चर्चांच्या भिंतींवर भक्तांच्याच देणगीतून हाच प्रयोग झालेला आहे.

मग गिलावा उतरविला कोणी? १९५२ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला चारशे वर्षे पूर्ण होणार होती. गोव्यात पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा मोठा सोहळा ठरला होता. त्याच सुमारास, १९५१ मध्ये, सालाझारच्या सरकारने घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नवे नाव दिले. स्वतंत्र भारत गोवा मागत होता आणि लिस्बनला जगापुढे आपले गोव्यातील मूळ किती जुने व खोल आहे हे दाखवायचे होते. पोर्तुगालमधील राष्ट्रीय वास्तूंच्या जीर्णोद्धाराचा अनुभव असलेले बाल्ताझार द काश्त्रो यांना या कामासाठी गोव्यात पाठविण्यात आले. पोर्तुगालमध्ये त्या काळी मध्ययुगीन चर्चांवरचा गिलावा खरवडून आतील ग्रॅनाइट उघडा करण्याची रीत रूढ होती. दगड दिसला की वास्तू प्राचीन वाटते, ही त्यामागची भावना. उत्तर पोर्तुगालचा ग्रॅनाइट ते सोसू शकत होता. तीच रीत बॉम जेझसला लावण्यात आली. एक युरोपीय सिद्धांत मोसमी पावसात आणून उभा केला गेला, आणि जी वास्तू कधीही उघडी नव्हती तिला ‘मूळ रूप’ म्हणून उघडे करण्यात आले.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर या वास्तूंची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आली, आणि १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्याच्या चर्चांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. येथे एक विलक्षण पेच निर्माण झाला. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार वास्तूवर प्रत्येक कालखंडाने उमटविलेला रास्त ठसा जपावयाचा असतो. मग १९५० च्या दशकातील चूक हादेखील जपण्याजोगा ठसा मानावयाचा काय? २०२० च्या टाळेबंदीत पावसाळ्यापूर्वीची छपराची डागडुजी रखडली, तेव्हा बासिलिकेच्या रेक्टरांनी जाहीरपणे धोक्याची सूचना दिली आणि गिलाव्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. लोकांना सवयीचे झालेले तांबडे रूप बदलू नये असे म्हणणारे काही जण आहेत. आमच्या मते सवय हा पुरावा होऊ शकत नाही. ज्या सनदेचा आधार घेतला जातो, तिचा पहिला हेतू वास्तू टिकविणे हाच आहे.

भिंतीइतकाच गंभीर प्रश्न भोवतालच्या भूमीचा आहे. आज आपण जिला जुन्या गोव्याची शांत, हिरवी ग्रामीण भूमी म्हणतो, ती एके काळी राजधानीचे शहर होती. रोगराईने ते शहर रिकामे केले, १७५९ मध्ये व्हाईसरॉय पणजीच्या बाजूस गेले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि धार्मिक संघांवरील १८३५ च्या बंदीनंतर मठ ओस पडले. जुन्या इमारतींचा दगड नव्या राजधानीच्या कामी आला. रस्त्यांच्या जागी माड वाढले. म्हणजे येथील निसर्गही इतिहासाचेच एक पान आहे, आणि तेथे नवे घर बांधणारा त्या पानावर लिहीत असतो.

कायद्याने संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते; २०१० च्या दुरुस्तीने हे अधिक कडक झाले. तरीही २०२१ मध्ये सेंट कजेतान चर्च आणि व्हाईसरॉयची कमान यांच्या परिसरात एक बंगला उभा राहू लागला, तेव्हा लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. जुन्या घराच्या दुरुस्तीच्या नावाखाली नवेच बांधकाम होत आहे, असा आंदोलकांचा आक्षेप होता. ‘दुरुस्ती’ हा शब्द काश्त्रो यांच्या काळाप्रमाणे आजही किती लवचिक आहे, हे यावरून दिसते.

नवे काही बांधूच नये असे मात्र आम्ही म्हणत नाही. पणजीत मांडवीकाठी चार्ल्स कोरिया यांनी उभी केलेली कला अकादमी पाहावी. ती पूर्णपणे आधुनिक आहे, जुन्या पोर्तुगीज घरांची नक्कल करीत नाही, पण झाडांच्या वर डोके काढीत नाही आणि नदीची वाट अडवीत नाही. कमानी, रंगीत काच आणि कौलांचा तुकडा चिकटवून ‘वारसा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बंगल्यांपेक्षा असा नवेपणा आम्हाला अधिक विनम्र वाटतो.

आता बासिलिकेच्या दर्शनी भागाकडे पुन्हा पाहावे. वसईच्या काळ्या दगडातील अक्षरांच्या कडा अजून स्पष्ट आहेत. भोवतालच्या जांभ्यावर मात्र पावसाने पाडलेली छिद्रे जवळ उभ्या राहणाऱ्या कोणासही दिसतात, आणि जून महिना दरवर्षी येतोच.