‘मूळ’ म्हणजे नेमकं कधीचं? पद्मिनीच्या चाकांवरून एक धडा

वाकडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी उभी असते. नोंदणी १९७६ ची. मालक शेजारचे काका, चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीच्या इतिहासावर पीएचडी करतोय हे कळल्यावर एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं आणि विचारलं, “भूमकर चौकाजवळ एकाने पंधरा इंची अलॉय दाखवलेत. मोठी चाकं टाकली तर गाडी ओरिजिनल राहील का रे?”

प्रश्न साधा वाटतो ना? मलाही वाटला. पण संशोधनाचा विषय शोधणाऱ्या कुणालाही उपयोगी पडतील अशा दोन गाठी त्यात आहेत. ‘मोठं’ म्हणजे काय? आणि ‘ओरिजिनल’ म्हणजे काय? त्या सोडवल्याशिवाय उत्तर दिलं तर ते मत होतं, संशोधन नाही.

पहिली गाठ: ‘मोठं’

आधी गाडीची थोडी ओळख. प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. १९७३ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईकरांनी तीच गाडी पुढे काळी-पिवळी टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं वापरली. तिच्या टायरचा माप-आकडा होता ५.२०-१४.

आता हा आकडा एखाद्या जुन्या कागदासारखा वाचा. ५.२० म्हणजे टायरची रुंदी, इंचात. १४ म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचात. टायरच्या भिंतीची उंची मात्र कुठेच लिहिलेली नाही. त्या काळच्या क्रॉस-प्लाय टायरची उंची जवळपास रुंदीएवढीच असायची, म्हणून वेगळी लिहायची गरज पडली नाही. पुढे रेडियल आले, टायर रुंद आणि बुटके होत गेले, तेव्हा उंची लिहावी लागली. १७५/६५ आर१४ याचा अर्थ: रुंदी १७५ मिलीमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल, रिम १४ इंची. रुंदी मिलीमीटरमध्ये आणि रिम इंचात, अशी खिचडी आजही चालू आहे. आकडा लिहायची पद्धत बदलली, कारण वस्तू बदलली. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, इतर विषयांतही कामी येईल.

आता गणित. जुन्या टायरची उंची रुंदीच्या ९५ टक्के धरली, तर ५.२०-१४ चा पूर्ण बाहेरचा व्यास साधारण ६०६ मिलीमीटर येतो. १७५/६५ आर१४ चा येतो ५८३. आणि काकांच्या अलॉयवर बसणाऱ्या १९५/५५ आर१५ चा? ५९६! म्हणजे रिम एक इंचाने मोठी, पण जमिनीवर फिरणारं चाक मूळपेक्षा लहान. डोळ्यांना मोठं दिसतं ते रिममुळे.

हा फरक काट्यावरही दिसतो. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, अंतर नाही. १७५/६५ टाकला तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर ५८ च्या आसपास असेल.

पण थांबा, माझ्या गणितात एक गृहीतक लपलंय: ते ९५ टक्के. तिथे १०० टक्के धरले तर मूळ व्यास ६२० होतो, म्हणजे १६५/८० आर१४ शी जवळजवळ तंतोतंत जुळतो. गृहीतक थोडं हललं आणि निष्कर्ष बदलला. म्हणून गृहीतक लपवायचं नाही, लिहायचं.

मग खरं माप कुठून आणायचं? उत्तर डिकीत होतं. काकांची स्टेपनी जुनीच होती, क्रॉस-प्लाय, ५.२०-१४. तिच्यात हवा भरली, गाडीला लावली, टायरला खडूने खूण केली, चाकाचा एक फेरा होईल इतकी गाडी ढकलली आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजलं. हिशोब माझ्या दोन गृहीतकांच्या मधे पडला. स्टेपनी ही आमची प्राथमिक साधनसामग्री ठरली.

माझी चूक

इथे एक कबुली. सुरुवातीला एका गॅरेजमध्ये मी अशाच एका जुन्या गाडीची नोंद केली आणि वहीत लिहिलं, ‘टायर: कंपनीचे’. गाडी जुनी, टायर झिजलेले, मी समजून चाललो. नंतर फोटो मोठा करून पाहिला. टायरच्या भिंतीवर शेवटी २३१७ असे चार आकडे होते. म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. २००० च्या आधीच्या टायरवर या जागी तीनच आकडे असतात. माझा ‘मूळ’ टायर गाडीपेक्षा काही दशकांनी तरुण होता. वस्तू जुनी असली तरी तिचा प्रत्येक भाग तितकाच जुना नसतो.

दुसरी गाठ: ‘ओरिजिनल’

काकांच्या प्रश्नामागे खरी काळजी वेगळी होती. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते. १९७६ ची गाडी आता त्या उंबरठ्यावर आहे. नियमात चॅसी, बॉडी आणि इंजिन यांतल्या फेरबदलांचा स्पष्ट उल्लेख आहे. चाकांचं नाव तिथे नाही.

म्हणून मोकळं रान? नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाच्या विरुद्ध बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर ठामपणे बोट ठेवलं. एकाच शब्दाचे दोन कायद्यांत दोन काठ. पण दोन्हीकडे ‘मूळ’ म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तो दिवस. मेकॅनिकचं ‘मूळ’ वेगळं: जे जोडकाम गाडीला झेपतं ते. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही, पुढेमागे ड्रम ब्रेक. रुंद टायर लावला की पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात, आणि रिम बाहेर आली तर बेअरिंगवर ताण पडतो. काकांचं ‘मूळ’ आणखी निराळं: काकू पहिल्यांदा बसल्या तेव्हाची गाडी.

काकांनी शेवटी अलॉय घेतले नाहीत. जुन्या रिमवर बसेल असा, मोजलेल्या व्यासाच्या जवळचा १४ इंची रेडियल शोधायचं ठरलं, चारही चाकांना एकसारखा, कारण क्रॉस-प्लाय आणि रेडियल मिसळले की वळणावर गाडीचा भरवसा राहत नाही. जुनी स्टेपनी फेकायची नाही, आणि काय कधी बदललं ते एका वहीत तारखेसह लिहायचं. चाकं परत बसवता येतात. हरवलेली नोंद परत मिळत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला ‘मूळ’, ‘पारंपरिक’ किंवा ‘जुना’ असा एक शब्द घ्या आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहा: कुठल्या सालचा, कुणाच्या मते, कशाने मोजलेला. एक जरी रकाना रिकामा राहिला, तर तुमचं संशोधन तिथूनच सुरू करा.