पडण्याचे निमित्त

माझ्या चुलतआजोबांनी एका वहीत घराण्यातल्या मृत्यूंच्या नोंदी तिथीसह ठेवल्या होत्या. पुरुषांपुढे ताप, कावीळ, प्लेग अशी निरनिराळी कारणे आहेत. तीन बायकांपुढे मात्र एकच वाक्य आहे : ‘पडण्याचे निमित्त झाले.’

त्यांतली शेवटची नोंद माझ्या आजीची, १९७१ सालची. ती मोरीच्या उंबऱ्याशी घसरली. आखूड झालेला, बाहेर वळलेला पाय पाहून हाडवैद्य म्हणाला, “खुबा गेला. तीन महिने हलवू नका.” आम्ही हलवले नाही. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला आणि सातव्या आठवड्यात ती गेली.

हे तीन महिने आले कुठून, हे शोधताना मी या विषयाच्या इतिहासात शिरलो. हाडवैद्याने सुश्रुत वाचला असेल असे नाही, पण हिशेब तिथे आहे. सुश्रुतसंहिता सांगते, लहान वयात मोडलेले हाड महिन्यात पक्के होते, मध्यम वयात त्याला दुप्पट काळ लागतो आणि उतारवयात तिप्पट. मांडीचे किंवा पोटरीचे हाड मोडले तर ‘कपाटशयन’ : रोग्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या आधाराने पाय जखडून ठेवायचा. मांडीचे हाड मधोमध मोडले असेल तर हे शहाणपणाचेच आहे. पण खुब्याच्या सांध्यात बसणारा गोळा एका अरुंद मानेवर तोललेला असतो, आणि त्याला होणारा रक्तपुरवठा बहुतांशी त्या मानेवरूनच जातो. मान मोडली की गोळा उपाशी पडतो. मग तीन महिने निजून राहिले तरी सांधणार काय?

हे नीट उलगडले लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी. १८२२ च्या ग्रंथात त्यांनी सांध्याच्या आवरणाच्या आतला आणि बाहेरचा असे दोन अस्थिभंग वेगळे केले. बाहेरचा सांधतो, आतला बहुधा नाही. आतला होतो तो म्हाताऱ्या माणसांना, त्यातही बायकांना अधिक, आणि त्याला फारसे काही लागतही नाही. लंडनमध्ये फूटपाथच्या कडेवरून पाय काही इंच खाली घसरला तरी पुरे. वयाबरोबर हाड पातळ होत जाते, हेही कूपर यांनी पाहिले होते. वहीतला ‘निमित्त’ हा शब्द मला इथे अगदी नेमका वाटू लागला.

आणि कूपर यांचा उपचार? पायाखाली उशी, दहा-पंधरा दिवस विश्रांती, मग उंच खुर्चीत बसवायचे, पुढे कुबड्या. अंथरुणाला खिळलेले रोगी दगावताना त्यांनी पाहिले होते. त्यांनी हाडावर पाणी सोडले आणि माणूस धरून ठेवला. आजीच्या दीडशे वर्षे आधी! हे प्रथम वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले.

व्यवसायबंधूंनी मात्र वाद घातला तो आतला भंग सांधतो की नाही यावर. हाड विरळ का होते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. स्ट्रासबर्गचे विकृतिशास्त्रज्ञ लोबस्टाइन यांनी १८३० च्या दशकात अशा सच्छिद्र हाडाला ‘ऑस्टिओपोरोसिस’ हे नाव दिले. तरी शंभर वर्षे ते म्हातारपणाच्या खात्यावरच जमा राहिले.

पुढचा भाग बराचसा एकाच छपराखाली घडला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये नॉर्वेत जन्मलेल्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ मध्ये मोडलेल्या मानेतून तीन पात्यांचा खिळा ठोकला. पात्यांमुळे गोळा जागच्या जागी फिरत नाही, आणि रोग्याला लवकर उठवता येते. आपल्याकडे आज ‘रॉड टाकला’, ‘बॉल बदलला’ असे सहज म्हणतात, त्या साऱ्याची सुरुवात या आणि अशाच खटपटींतून झाली. त्याच रुग्णालयातल्या फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये दाखवले की, मणके दबलेल्या त्यांच्या रुग्णांत पाळी गेलेल्या बायकाच फार. रक्तातले कॅल्शियम ठीक होते. कमी पडत होती ती हाडाची मूळ घडण, आणि तिचा संबंध इस्ट्रोजेन आटण्याशी होता. एकाने मोडलेली जागा सांधली, दुसऱ्याने ती का मोडली ते विचारले. हाडाची घनता मोजून रोग ठरवण्याची रेषा जागतिक आरोग्य संघटनेने आखली ती थेट १९९४ मध्ये.

मणके दबले की उंची घटते. अल्ब्राइट यांच्या रुग्णांविषयी वाचताना मला आमच्या माजघरातली कपड्यांची वळणी आठवली. आजीचा हात पोहोचेना म्हणून वडिलांनी ती दोनदा खाली घेतली होती. पहिल्यांदा घेतली तेव्हा मी तिसरीत होतो, म्हणजे ती पडली त्याच्या आठ वर्षे आधी. आम्हाला त्यात काही विशेष वाटले नव्हते. म्हातारी माणसे वाकतातच. जुन्या खुंट्यांची भोके भिंतीत अजून आहेत. गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा टेप लावून पाहिली. सर्वांत वरच्या आणि खालच्या भोकांत साडेतीन इंचांचे अंतर आहे.