फीडचा कोन

* फीडचा कोन : फीड म्हणजे रेडिओ दुर्बिणीच्या तबकडीच्या नाभीवरचा ग्राहक अँटेना. तो काटकोनातल्या दोन दिशांनी लहर टिपतो, म्हणून तिचे ध्रुवण, म्हणजे कंपनाची दिशा, मोजता येते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या उंची आणि दिगंश या दोन आसांवर फिरतात. साहजिकच फीडच्या दृष्टीने आकाश फिरत राहते; हा फिरण्याचा कोन म्हणजे फीडचा कोन, आणि मोजलेल्या ध्रुवणात त्याची दुरुस्ती करावी लागते. मृग नक्षत्र उगवताना एका कुशीवर आणि मावळताना दुसऱ्या कुशीवर दिसते, तेच हे वळण. खोडदच्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावरून जाणाऱ्या स्वातीच्या दिशेला तर कोन काही मिनिटांत पालटतो. उटीच्या रेडिओ दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तिथे ही दुरुस्ती लागत नाही. — संपादक