भेसज्जक्खंधकातील वनौषधी आणि रसायनशास्त्राची कसोटी

विनयपिटकाच्या महावग्गातील सहावा खंधक 'भेसज्जक्खंधक' या नावाने ओळखला जातो. भेसज्ज म्हणजे औषध. भगवान बुद्ध सावत्थीस जेतवनात विहरत असता शरद ऋतूतील आजाराने भिक्खू त्रस्त झाले. प्यालेली पेज व खाल्लेले अन्न ओकून पडे, शरीरे कृश व पिवळी पडली, अशी या खंधकाची सुरुवात आहे. त्या प्रसंगी तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच भेसज्जे अनुज्ञात झाली. पुढे प्रसंगाप्रसंगाने यादी वाढत जाते आणि मुळे, काढे, पाने, फळे, डिंक व क्षार असे तिचे वर्ग पडतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न वर्ज्य ठरविले आहे, हे ध्यानी घेता संघाच्या नियमग्रंथात औषधांना दिलेले हे मानाचे स्थान इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. भारतीय वैद्यकाच्या जडणघडणीत श्रमणपरंपरेचा, विशेषतः भिक्खुसंघाचा, वाटा केवढा होता याची सविस्तर मांडणी केनेथ झिस्क यांनी १९९१ साली केली. तो वाद येथे आम्ही उकरून काढीत नाही. आमचा प्रश्न त्याच यादीविषयी, पण वेगळा आहे.

मुळांच्या वर्गात हलिद्दा, सिंगिवेर, वचा, अतिविसा, कटुकरोहिणी, उसीर व भद्दमुत्तक ही नावे येतात. मराठी वाचकास ती परकी नाहीत. हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा आणि नागरमोथा हीच ती होत. फळांत पिप्पली, मिरे, हिरडा, बेहडा व आवळा आहेत. महाराष्ट्रातील घरोघर सहाणेवर उगाळल्या जाणाऱ्या बाळगुटीत हळकुंड, सुंठ, वेखंड, अतिविष, हिरडा, बेहडा असतात. म्हणजे भिक्खूंच्या औषधांतील काही द्रव्ये आजही तान्ह्या मुलाच्या जिभेवर ठेवली जातात. हे साम्य दिसले की आपला ऊर भरून येतो. 'आमच्या ग्रंथांत हे सारे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह येथेच होतो.

ग्रंथात नेमके काय होते, ते पाहू. काढ्यांच्या वर्गात निंब, कुटज, पटोल ही नावे आहेत, परंतु कोणता काढा कोणत्या रोगावर, हे मूळ पालीत सांगितलेले नाही. काढ्याची गरज पडली आणि अनुज्ञा मिळाली, एवढेच. मुळे वाटावयास पाटा-वरवंटा, चूर्णासाठी उखळ-मुसळ, गाळण्यासाठी चाळणी व वस्त्रगाळणे मात्र आवर्जून दिली आहेत. वाटणे, उकळणे, गाळणे या क्रिया वनस्पतीतून गुणद्रव्य बाहेर काढण्याच्याच आहेत. तथापि बाहेर आलेले ते द्रव्य कोणते, हे जाणण्याचे साधन त्या काळी जगात कोठेच नव्हते.

ते साधन एकोणिसाव्या शतकात आले. जर्मनीत सर्टुर्नर या तरुण औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. पॅरिसमध्ये पेलेतिए व काव्हेंतू यांनी १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले. साल किंवा मूळ ऋतूप्रमाणे, जमिनीप्रमाणे कमीअधिक गुणाचे निघते. शुद्ध द्रव्य मात्र तोलून देता येते, आणि मात्रा निश्चित झाल्यावरच गुण व अपाय या दोहोंचा हिशेब मांडता येतो. आपल्या यादीतील वनस्पतीही या प्रयोगशाळेतून गेल्या. कुटज म्हणजे सह्याद्रीतला पांढरा कुडा. त्याच्या सालीतून कोनेसीन हे अल्कलॉइड मिळाले आणि अमीबाजन्य आमांशावर ते वापरले गेले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९४२ मध्ये निंबाच्या तेलातून निंबिन, निंबिनिन व निंबिडिन ही द्रव्ये वेगळी केली. हळदीतील करक्यूमिन १८१५ पासून ज्ञात आहे. त्याचा गाजावाजा फार झाला, पण ते शरीरात नीट शोषले जात नाही व लवकर विघटित होते, असे २०१७ च्या एका विस्तृत रासायनिक समीक्षेने दाखविले.

वेखंडाची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याच्या तेलात बीटा-ॲसारोन असते, आणि भारतीय जातीत त्याचे प्रमाण विशेष आहे. उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे अर्बुदे झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली. उंदरांचा निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. परंतु तान्ह्या बालकाच्या पोटात रोज काय जाते, याचा विचार करताना 'वचा तर विनयातही आहे' हे उत्तर पुरेसे नाही. शिवाय विनयाची अट आपण विसरतो. ही मुळे जन्मभर जवळ बाळगण्यास मुभा आहे, पण ती घ्यावयाची कारण असेल तरच. कारणावाचून घेणाऱ्या भिक्खूस दुक्कट आपत्ती सांगितली आहे. निरोगी मुलास नेमाने गुटी चाटविणाऱ्या आपल्या रीतीपेक्षा विनयधरांची दृष्टी या बाबतीत अधिक सावध होती, असे आम्हांस वाटते.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी ज्या आधारांवर विसंबू नका म्हणून सांगितले, त्यांत पिटकसंपदेचाही समावेश आहे. पिटकात आहे, एवढ्यावरून एखादी गोष्ट स्वीकारावयाची नाही. हा निकष पिटकातील औषधयादीलाही लावावा लागेल. मग पाली ग्रंथ वाचणाऱ्याने रसायनशास्त्राला द्यावे तरी काय?

याचे उत्तर चीनमधील एका संशोधनात मिळते. हिवतापावर औषध शोधण्याच्या कार्यात १९६९ पासून गुंतलेल्या तू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी असंख्य जुने नुस्खे चाळले. छिंगहाव या वनस्पतीच्या अर्काचा परिणाम कधी दिसे, कधी नाहीसा होई. तेव्हा त्यांनी चौथ्या शतकातील गे हुंग यांचा ग्रंथ पुन्हा वाचला. तेथे वनस्पती उकळण्यास सांगितलेले नव्हते. पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यावा असे होते. उष्णतेने गुणद्रव्य नष्ट होत असावे, हे त्या एका क्रियापदावरून त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला. १९७१ च्या ऑक्टोबरात तो अर्क प्राण्यांतील हिवतापावर पूर्ण गुणकारी ठरला. १९७२ मध्ये शुद्ध स्फटिक हाती आले, तेच आर्टेमिसिनिन होय. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले.

भेसज्जक्खंधकाच्या वाचनात क्रियापदाकडे असे लक्ष देणे हे पाली अभ्यासकाचे काम आहे. कुटजाचे नाव काढ्यांतही येते आणि पानांतही, हा भेद भाषांतरात पुसला जाता कामा नये. कारण सालीचा काढा व पानांचा उपयोग यांतून निघणारी द्रव्ये एकच असतील असे नाही. त्यापुढचे काम मात्र प्रयोगशाळेचे. तू यूयू यांनीही गे हुंगच्या वचनावर भरवसा ठेवून अर्क रोग्यांस दिला नाही. १९७२ च्या उन्हाळ्यात तो प्रथम त्यांनी व सहकाऱ्यांनी स्वतः घेतला, अपाय होत नाही हे पाहिले, आणि मगच हायनान बेटावरील रुग्णांकडे त्या गेल्या.